चेन धरणारा

सायकलची नवी चेन पुड्यातून काढली की तिला एक वास येतो. लोखंडाचा म्हणावा तर नुसता लोखंडाचा नाही, तेलाचा म्हणावा तर तेलाचाही नाही. कारखान्यातून निघताना तिला जे घट्ट, पिवळट ग्रीस फासलेलं असतं, त्याचा तो वास. बोटांना लागला की साबणाने जात नाही, बेसनाने जातो. परवा नेरूळच्या आमच्या जुन्या घराच्या मागच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून मी तो पुडा फोडला आणि आधी नाक खुपसून वास घेतला. पन्नाशी ओलांडलेली गणिताची बाई, चष्मा डोक्यावर, तोंड पुड्यात. बरं झालं, बघायला शेजारी कोणी उरलं नव्हतं.

शेजारी उरले नाहीत, कारण आमची ही बुटक्या घरांची रांगच आता जाणार आहे. इथे टॉवर होणार. बहुतेकांनी सामान हलवलं, दारांच्या कड्यासुद्धा काढून नेल्या. आमच्याही दोन खोल्या रिकाम्या झाल्या आहेत. भिंतीवर कॅलेंडरच्या जागी एक पांढरा चौकोन आणि आईच्या शिलाई मशीनच्या जागी फरशीवर चार खळगे, एवढंच शिल्लक. मागच्या ओट्यावर मात्र बाबांची सायकल उभी होती. काळी, दांडीची, उंच. तिची जुनी चेन गंजून मधोमध तुटली होती आणि पुढच्या दातेरी चाकावरून दोरीसारखी लोंबत होती.

किल्ल्या रविवारी बिल्डरच्या ऑफिसात द्यायच्या होत्या. आईबाबांच्या मागे घर आम्हा दोघांचं, माझं आणि दादाचं. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तो कामोठ्याला राहतो, मी खारघरला. मध्ये फक्त महामार्ग, रिक्षाने पंधरा मिनिटं. ती पंधरा मिनिटं आम्ही गेल्या चार वर्षांत एकदाही खर्च केलेली नाहीत.

कशावरून, ते सांगत बसत नाही. आई गेली त्या आठवड्यात तो मला काहीतरी बोलला, मी त्याला काहीतरी बोलले. दोघांनीही नेमकं दुखेल तेच निवडलं, कारण कुठे दुखतं ते लहानपणापासून दोघांना पाठ होतं. तेव्हापासून मोबाइलवरच्या घरच्या ग्रुपमध्ये कामापुरते निरोप. गेल्या आठवड्यात त्याने लिहिलं, ‘सायकल भंगारात देऊ का?’ मी लिहिलं, ‘नको.’ तो, ‘मग?’ मी, ‘मी बघते.’ त्याचा अंगठा आला. चार वर्षांतला आमचा हा सगळ्यात लांब संवाद. मग बऱ्याच वेळाने आणखी एक ओळ आली, ‘रविवारी मी सकाळी माझी किल्ली ऑफिसात देऊन जाईन. तू तुझी नंतर दे.’

म्हणजे शेवटच्या दिवशीही गाठ पडू नये, याची त्याने नीट सोय लावली होती. ती ओळ वाचून मला राग आला, आणि रागाच्या मागोमाग भीती वाटली. हे घर गेलं की आम्हा दोघांचं म्हणून असं काहीच उरणार नव्हतं, ज्याच्यासाठी एकमेकांना निरोप पाठवावा लागेल.

तर मी शाळेतून रजा टाकली आणि सायकलीच्या मागे लागले. आधी खारघरच्या एका चकचकीत दुकानात गेले. तिथे सायकली छताला टांगलेल्या, आणि दुकानदाराने पहिला प्रश्न केला, ‘कितने गिअर की है?’ मी म्हटलं, ‘वडिलांची आहे.’ तो माझ्याकडे बघत राहिला. शेवटी नेरूळच्याच मार्केटातला सायकलवाला कामी आला. त्याने घरी येऊन टायर-ट्यूब बदलले, ब्रेक बघितले, सीटवर नवं कव्हर चढवलं. चेनही तोच बसवणार होता.

“मॅडम, कशाला हात काळे करताय? पाच मिनटाचं काम आहे. मी लावून देतो ना,” तो म्हणाला.

“आमच्याकडे चेन घरीच बसवतात,” मी म्हटलं, आणि मलाच हसू आलं. जशा काही गौरीच बसवायच्या होत्या.

त्याने नवी चेन, तिचं लॉक आणि एक चेन कटर हातात ठेवला. कटर म्हणजे बोटभर औजार. त्यात चेनची कडी अडकवून स्क्रू फिरवला की कडीतली पिन पलीकडे सरकते. “लॉक सांभाळा, बारीक असतो, हरवतो,” असं बजावून तो गेला, आणि मी पुडा फोडून वास घेत बसले.

*

त्या वासाच्या मागे मागे पहिलं येतं ते तेव्हाचं नेरूळ. तेव्हा इथे माणसांपेक्षा सेक्टर जास्त होते. रस्ते आधी झाले होते, त्यांवरून जाणारे अजून यायचे होते. रुंद डांबरी रस्त्याच्या मधोमध गावातल्या म्हशी रवंथ करत बसायच्या आणि त्यांना कोणी हॉर्न देत नसे. ओहोटीला खाडीच्या चिखलाचा वास घरात यायचा. गावाच्या बाजूने वारा सुटला की वाळत घातलेल्या बोंबलांचा. या दोन्हींच्या मध्ये ओल्या सिमेंटचा वास कायमचा मुक्कामाला होता, कारण चारी बाजूंना काही ना काही बांधणं चालू होतं. दुपारी सगळं गप्प झालं की नव्या स्लॅबवर मारलेल्या पाण्याची धार तेवढी ऐकू यायची.

बाबा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात होते. सायकलने जायचे, सायकलने यायचे. येताना वळणावर ते पायडल मारणं थांबवत आणि उरलेलं अंतर नुसते वाहत येत. पायडल थांबलं की मागचं फ्रीव्हील टिकटिकतं. ती टिकटिक वळणावरून सुरू व्हायची आणि आमच्या दाराशी येऊन संपायची. तेवढ्या वेळात आईचं चहाचं आधण चढलेलं असायचं. मी तेव्हा घड्याळ शिकत होते, आणि मला बरेच दिवस वाटायचं की घड्याळातही एक लहानशी सायकल असते.

खाडीच्या वाऱ्याला चेन फार आवडायची. पावसाळ्यात तर सकाळी पुसलेली चेन संध्याकाळी तांबडी. म्हणून दर रविवारी ती साफ व्हायची. सायकल ओट्यावर उलटी उभी करायची, चाकं आभाळाकडे. जर्मनच्या वाडग्यात रॉकेल, एक म्हातारा टूथब्रश, आईच्या जुन्या परकराची चिंधी. रॉकेलने काळं निघालं की कोरडं पुसायचं आणि मग आईच्या शिलाई मशीनची तेलाची कुपी आणायची, ती लांब चोचीची. बाबा पायडल हळूहळू फिरवत आणि मी एकेका कडीवर तेल सोडत असे.

“एका कडीला एकच थेंब,” ते सांगायचे. “दुसरा दिलास तर तो धूळ पितो.”

आईला हे तेल जाण्याचं दुःख होतंच, पण बाबांची पँट चेनमध्ये जाते याचं जास्त होतं. तिने इलॅस्टिकचा एक पट्टा शिवला होता, हुक लावलेला. बाबा निघताना तो उजव्या घोट्यावर पँटवरून बांधायचे. तो विसरून ते निघाले तर आई दारातून ओरडायची, “अहो, पट्टा!” सगळ्या रांगेला वाटे, आमच्याकडे रोज सकाळी काहीतरी हरवतं.

आणि दसरा! दसऱ्याला शिलाई मशीन, बाबांचे पाने, पकड आणि सायकल यांची पूजा. एका वर्षी आईने भक्तीच्या भरात नुकत्याच तेल दिलेल्या चेनवर हळद-कुंकू सढळ हाताने वाहिलं. झेंडूचा हार, ओवाळणं, सगळं झालं. दुसऱ्या दिवशी बाबा कामावर गेले आणि गुडघ्यापर्यंत पिवळे होऊन परत आले. “कारखान्यात विचारत होते, कोणाची हळद होती,” ते म्हणाले. आई हसली नाही. तिने ती पँट तीनदा धुतली, आणि पुढच्या दसऱ्यापासून कुंकू फक्त हँडलला लागू लागलं.

*

चेन बसवायला आम्हाला शिकवलं नानाने. नेरूळ गावाच्या तोंडाशी, बदामाच्या झाडाखाली त्याचं सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पेटी, पंप आणि पाण्याची घमेली. भरती-ओहोटी बघून तो मासे मारायला जायचा, म्हणून दुकान उघडं आहे की बंद हे चंद्रावर ठरायचं. एकदा बाबांची चेन तुटली. बाबांची त्या आठवड्यात जादा पाळी, म्हणून मी आणि दादा सायकल ढकलत नानाकडे गेलो. नानाचं बोट शिंगाळी माशाचा काटा लागून टम्म सुजलेलं. त्याने फडक्यात गुंडाळलेला हात आम्हाला दाखवला.

“माजा हात असा हाय. तुमीच लावा. यात काय हाय?” असं म्हणून तो पेटीवर बसला आणि बसल्या बसल्या त्याने आमच्याकडून काम करून घेतलं.

आधी चेन मागच्या फ्रीव्हीलवरून आणि पुढच्या दातेरी चाकावरून फिरवून आणायची. दोन टोकं खालच्या बाजूला एकमेकांसमोर येतात, पण मिळत नाहीत. चेन जड असते, ती आपल्याच वजनाने दोन्हीकडे मागे सरते. तेव्हा एकाने दोन्ही टोकं ओढून जवळ धरायची. दुसऱ्याने त्यांच्यात लॉक घालायचं. लॉक तीन तुकड्यांचं. दोन पिना असलेली एक पट्टी मागून घालायची, पुढून दुसरी पट्टी बसवायची आणि त्यावर माशाच्या आकाराची बारकी क्लिप सरकवायची. माशाचं तोंड चेन जाते त्या दिशेला, शेपूट मागे.

“बाला, तू तानून धर. सोरू नको,” नाना दादाला म्हणाला. “आन् पोरी, तुजी बोटं बारीक हायेत. तू लाव.”

तेव्हापासून आमच्या घरात हे ठरून गेलं. दादा धरणारा, मी लावणारी. चेन वर्षा-दोन वर्षांनी बदलायची, मध्ये एकदोनदा तुटायची, आणि दर वेळी आम्ही दोघं ओट्यावर समोरासमोर उकिडवे बसायचो.

“धरलीस?”

“धरली.”

“सोडशील.”

“नाही सोडत. लाव गं लवकर.”

मी मुद्दाम वेळ लावायचे. त्याच्या दोन्ही चिमटींत चेनच्या कड्यांचे वळ उठायचे आणि मला मजा वाटायची. एकदा त्याच्या नाकावर डास बसला. दोन्ही हात गुंतलेले. “नाक खाजव,” तो दातओठ खात म्हणाला. मी काळ्या बोटाने अगदी मन लावून खाजवलं, शेंड्यापासून कपाळापर्यंत. तो तसाच शाळेत गेला. संध्याकाळी त्याने मला रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळवलं. पण चेन मात्र त्याने सोडली नव्हती. खरं सांगायचं तर त्याने ती कधीच सोडली नाही.

एक चूक मात्र सांगितलीच पाहिजे. मी सातवीत होते. बाबांनी नवी चेन आणली होती. नवी चेन नेहमी जास्त लांब येते, आपल्या सायकलीपुरती तोडून घ्यावी लागते. दादा कटरशिवाय तोडायचा. ओट्यावर एक मोठा नट ठेवायचा, त्याच्या भोकावर चेनची पिन आणायची, वर खिळा टेकवायचा आणि आईच्या वरवंट्याने ठोकायचा. त्या दिवशी जेवताना बाबा म्हणायचे, “आज चटणीला कारखान्याची चव आहे.” तोडायचं काम दादाचं, पण कुठे तोडायची हे ठरवणं मी अंगावर घेतलं. गणितात मी हुशार ना!

आईकडे बायका ब्लाउज शिवायला टाकायच्या तेव्हा सोबत मापाचा ब्लाउज आणायच्या. आई तो नव्या कापडावर पसरायची, खडूने रेघ मारायची आणि बेधडक कात्री चालवायची. मी तेच केलं. जुनी चेन कपडे वाळत घालायच्या दांडीला टांगली, शेजारी नवी टांगली, जुनीचं टोक जिथे संपलं तिथे नवीवर आईच्या खडूने खूण केली. दादाने तिथे ठोकली. बसवली. ती सैल पडली. मागचं चाक सरकेल तेवढं मागे सरकवलं, तरी सैलच.

वर्षभर ती चेन उड्या मारत होती. खड्डा आला की उतरायची. बाबा रस्त्याच्या कडेला सायकल उलटी करून ती चढवत, हात मातीने घासत आणि पुढे जात. वळणावरची टिकटिक उशिरा यायला लागली. कधी कधी यायचीच नाही, आणि बाबा सायकल हाताने धरून चालत येताना दिसायचे. आई आधण उतरवायची, परत चढवायची. आम्ही सगळे मिळून त्या बिचाऱ्या मागच्या चाकाला नावं ठेवत होतो.

पुढच्या वर्षी बाबा सायकल घेऊन नानाकडे गेले. आम्हीही बरोबर होतो. नानाने चेन हातात घेऊन कड्या मोजल्या आणि तो हसायलाच लागला.

“कोनी मापली ही? एक जोड जास्त हाय.”

मग त्याने सांगितलं. वापरून वापरून जुनी चेन लांबते. प्रत्येक कडीत केसाएवढी फट पडते, आणि सगळ्या फटी मिळून एका जोडाएवढं, म्हणजे दोन कड्यांएवढं अंतर होतं. चेनचं माप लांबीने घ्यायचं नसतं, कड्या मोजून घ्यायचं असतं. बाबांनी आमच्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

“मी मापली,” दादा म्हणाला.

बाबा त्याला रागावले नाहीत. “मोजायचं असतं रे,” एवढंच म्हणाले. घरी येताना मी दादाच्या मागे मागे चालत होते. तो मला काही म्हणाला नाही, आणि मीही त्याला काही म्हटलं नाही. आजतागायत. मी रोज वर्गात पोरांना सांगते, अंदाज करू नका, मोजा. ते सांगताना मला दर वेळी बदामाचं झाड दिसतं.

*

परवा ओट्यावर मी आधी जुन्या तुटक्या चेनच्या कड्या मोजल्या. मोठ्याने मोजल्या, बोट ठेवून. गंजाने बोटं तांबडी झाली. मग नवीच्या मोजल्या, आणि खात्रीसाठी दोन्ही परत एकदा. जादाच्या कड्या कटरने काढल्या. स्क्रू फिरवला आणि पिन लोण्यातून निघावी तशी निघाली. वरवंट्याचे ते सगळे घाव आठवून मला जरा वाईटच वाटलं.

चेन फिरवून आणली. टोकं समोरासमोर आली. मी डाव्या हाताने दोन्ही एकत्र धरली आणि उजव्या हाताने लॉक घालायला गेले. एक टोक सुटलं. परत धरली, दुसरं सुटलं. गुडघ्याने दाबून पाहिली, हनुवटीने पट्टी टेकवून पाहिली. चष्मा घातला की घामाने घसरायचा, काढला की पिना दिसायच्या नाहीत. एकदा अगदी जमलंच होतं तेवढ्यात क्लिप टुणकन उडाली आणि वाळलेल्या कुंडीत जाऊन पडली. मी मातीत बोटं घालून ती शोधत होते आणि तोंडाने जे बोलत होते ते वर्गात बोलता येणार नाही. दादाचाही त्यात उद्धार झाला. वास्तविक त्याचा काय दोष? तो तिथे नव्हता, हाच.

शेवटी मोबाइल काढला. एका माणसाने व्हिडिओत दाखवलं होतं, एकट्याने चेन कशी बसवायची. वीतभर तार घ्या. दोन्ही टोकं आकड्यासारखी वाकवा. एक आकडा चेनच्या एका बाजूला अडकवा, दुसरा दुसऱ्या. तार चेन ओढून धरते, तुमचे दोन्ही हात मोकळे. मी कपडे वाळत घालायच्या तारेचा तुकडा पकडीने तोडला, वाकवला, अडकवला. टोकं समोरासमोर शहाण्यासारखी उभी राहिली. मागून पट्टी, पुढून पट्टी, वर मासा. खट्.

झालं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मी तेल दिलं, एका कडीला एक थेंब. मागचं चाक उचलून पायडल फिरवलं. चेन गुळगुळीत धावली. पायडल सोडलं आणि फ्रीव्हील टिकटिकत राहिलं, त्या रिकाम्या ओट्यावर, रिकाम्या रांगेत. मला वाटलं होतं, मला फार आनंद होईल. मी चाक थांबेपर्यंत ऐकत राहिले आणि मग एकदम रडायलाच आलं.

इतकी वर्षं मला वाटत होतं की चेन बसवायला दोन माणसं लागतात. लागतच नव्हती. वीतभर तार पुरत होती. हे नानाला माहीत नसेल असं नाही. दोन पोरं समोर उभी होती, म्हणून त्याने दोघांना कामाला लावलं. आणि आता मी एकटीने काम उरकून बसले होते. रविवारी सकाळी तो किल्ली देईल, दुपारी मी देईन, आणि मग माझ्याकडे एक चालती सायकल असेल आणि त्याला फोन करायला एकही कारण नसेल. मला सायकल हवी होती, हे खरंच. पण सायकलपेक्षा मला दादा हवा होता. गणिताच्या बाईला हे उत्तर यायला चार वर्षं लागली.

मी डोळे पुसले, अर्थातच काळ्या हातांनी. मग पकड घेतली, माशाच्या शेपटीला टोक लावलं आणि क्लिप काढली. वरची पट्टी, मागची पट्टी. चेन सळसळत खाली आली. तिन्ही तुकडे वाटीत ठेवले आणि फोन लावला. निरोप नाही, फोन. तो चार वेळा वाजला.

“हॅलो.”

“मी बोलतेय.”

“हां. बोल.”

“नेरूळला आहे. बाबांच्या सायकलला चेन बसवतेय.”

पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली.

“धरायला कोणी नाही,” मी म्हटलं.

पलीकडे गॅस बंद केल्याचा आवाज आला.

“जेवलीस का?” त्याने विचारलं.

“नाही.”

“घरून घेऊन निघतो. अर्धा तास लागेल.”

*

त्याला पाऊण तास लागला. उघड्या दारांतून तो रिक्षातून उतरताना दिसला, तेव्हा आधी मी ओळखलंच नाही. केस अगदी पांढरे झाले आहेत, आणि चालताना तो आता बाबांसारखा डाव्या अंगाला किंचित कलतो. हातात डब्याची पिशवी. तो घरातून चालत आला, कॅलेंडरच्या पांढऱ्या चौकोनापाशी थांबला, मशीनच्या खळग्यांवरून वळसा घालून ओट्यावर आला. माझ्या तोंडाकडे बघून त्याचे ओठ जरा हलले. काळ्या हातांनी डोळे पुसले होते हे मला तेव्हा आठवलं.

“कड्या मोजल्यास?” त्याने विचारलं.

“दोनदा.”

“मग ठीक.”

पिशवी खिडकीत ठेवून तो वाकला. चेन हातात घेतली आणि तिच्यावरून अंगठा फिरवला. तेल लागलेलं होतं, प्रत्येक कडीवर. वर्तमानपत्रावर माझी तार पडली होती, दोन्ही टोकांना वाकवलेली. ती लपवायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याने ती उचलली, उलटसुलट करून पाहिली.

“याने एकट्यालाही बसवता येते की,” तो म्हणाला.

“हो,” मी म्हटलं. “बसवली होती.”

“मग?”

“काढली परत.”

“का?”

खरं म्हणजे मी काहीतरी चुरचुरीत बोलायला हवं होतं. तशी माझी ख्याती आहे.

“तू यावास म्हणून,” मी म्हटलं. “आणि त्या वर्षी चेन मी मापली होती दादा, तू नाही.”

त्याने तार वर्तमानपत्रावर परत ठेवली. मग त्याने एक हात भिंतीला टेकला, एका हाताने पँट गुडघ्यावर चढवली आणि कण्हत कण्हत खाली बसायला लागला. ओट्यावर मी ऐसपैस पसरून बसले होते, त्याला जागाच नव्हती.

“सरक जरा,” दादा म्हणाला.